जंगलात सापडलेली आगबोट

मागच्या सत्रात नववीच्या वर्गात मी एक जुने चित्र दाखवले. गर्द झाडी, मध्ये एक लहान नदी, आणि त्या झाडीत एक आगबोट. तिच्या दोन्ही बाजूंना चाकांची गोल घरे आहेत आणि मधोमध धुराडे आहे. समुद्र चित्रात कुठेच नाही. मी विचारले, "हे जहाज इथे कसे आले असेल?"

उत्तरे मजेशीर आली. एकाला वाटले सिनेमाचा सेट असेल, तर दुसऱ्याच्या मते जहाज तिथेच बांधले आणि पाण्यात सोडायचे राहून गेले. तिसरा म्हणाला, "सर, नदीला पूर आला असेल." तो उत्तराच्या बऱ्यापैकी जवळ होता. पाणी आले हे खरे, पण ते डोंगराकडून खाली वाहत आले नव्हते. समुद्राकडून वर चढले होते.

या आगबोटीचे नाव 'बेराऊ'. डच ईस्ट इंडीजच्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या, वसाहती सरकारची ही बोट. नाव बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बेराऊ या ठिकाणाचे. योगायोग असा की डच भाषेत याच अक्षरांचा अर्थ 'पश्चात्ताप' असा होतो. ज्यांनी नाव ठेवले त्यांच्या मनात तो अर्थ नव्हता, पण पुढची हकीकत वाचताना शब्द डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे 'आगबोट' म्हटले की जुन्या माणसांना मुंबई-कोकण फेऱ्या आठवतात. माझे आजोबा शेवटपर्यंत 'बोट' म्हणजे तीच समजत. 'बेराऊ'सारख्या सरकारी आगबोटींचे काम मात्र वेगळे होते. हजारो बेटांचा तो प्रदेश, रस्ते थोडे, आणि राज्य चालवायचे तर पाण्यावरूनच. दीपगृहांना तेल आणि शिधा पोचवणे, तरते बोये जागेवर ठेवणे, अधिकाऱ्यांची ने-आण, टपाल, चोरट्या मालावर आणि चाचेगिरीवर नजर ठेवणे, अशी कामे त्या करत. लढाऊ जहाजे मोठ्या बंदरांत आणि या लहान बोटी खाड्यांत, अशी साधारण विभागणी होती. अशा बोटींवर थोड्या तोफा असत, पण रोजचे काम फौजदार, पोस्टमन आणि हमाल या तिघांचे मिळून असे.

बाजूला चाके असलेली बोट उथळ पाण्यात चांगली चालते, कारण तिचा बुडालेला भाग कमी असतो. नदीच्या मुखात, गाळाच्या खाडीत ती सहज जाते. खवळलेल्या समुद्रात मात्र तिचे हाल होतात. बोट एका बाजूला कलली की त्या बाजूचे चाक पाण्यात पार बुडते आणि दुसऱ्या बाजूचे हवेत नुसते गरगरते. मग बोट सरळ चालत नाही आणि यंत्रावर ओढ येते ती निराळीच. मळीच्या मागे पंखा असलेल्या जहाजाला हा त्रास बराच कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑगस्ट 1883 मध्ये 'बेराऊ' सुमात्राच्या दक्षिण टोकाला तेलोक बेतोंग येथे होती. 'तेलोक' म्हणजे उपसागर. नकाशा उघडून पाहा: सुमात्रा आणि जावा यांच्यामध्ये सुंदा सामुद्रधुनी आहे, तिच्यातून उत्तरेकडे लाम्पुंगचा उपसागर आत शिरतो, आणि नरसाळ्यासारखा अरुंद होत जातो. त्या नरसाळ्याच्या अगदी तळाशी तेलोक बेतोंग. दक्षिणेला सुमारे 70 किलोमीटरवर, सामुद्रधुनीच्या मधोमध, एक ओसाड बेट होते. त्याचे नाव क्राकाताउ.

क्राकाताउ 20 मे 1883 रोजी जागा झाला होता. राखेचे लोट दिसू लागले तेव्हा लोक घाबरले नाहीत, उलट पाहायला गेले. बटावियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, 'गव्हर्नर जनरल लाउडन' नावाची आगबोट खास सहलीसाठी निघाली. 86 प्रवासी होते. ते बेटावर उतरले आणि गरम राखेतून चालत जाऊन त्यांनी ज्वालामुखीचे तोंड पाहिले. बोटीचा कप्तान होता लिंडेमन. याच कप्तानाला आणि याच बोटीला तीन महिन्यांनी पुन्हा त्या वाटेने जायचे होते. म्हणजे ज्वालामुखी कुणाला माहीत नव्हता असे नाही. तो 70 किलोमीटरवरून समुद्राचे पाणी अंगावर फेकू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

26 ऑगस्ट, रविवार. दुपारपासून स्फोट वाढले. 'लाउडन' जावाच्या आन्येर बंदरातून शंभरावर प्रवासी घेऊन निघाली आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तेलोक बेतोंगपुढे येऊन नांगर टाकून उभी राहिली. त्याआधीच संध्याकाळी समुद्राची पातळी विचित्र वरखाली होऊ लागली होती आणि किनाऱ्यावरच्या होड्यांचे नुकसान झाले होते. पाणी इतके उसळत होते की 'लाउडन'ला किनाऱ्याशी संपर्क करता येईना. प्रवासी उतरवायचे होते, ते राहिले. कप्तानाने रात्र बाहेरच, खोल पाण्यात काढायची ठरवली.

'बेराऊ' आत होती, किनाऱ्याजवळ.

रात्रभर राख पडत राहिली. गावातले बरेच लोक टेकडीवरच्या रेसिडेंटच्या बंगल्याकडे गेले. रेसिडेंट म्हणजे त्या जिल्ह्याचा डच अधिकारी, आपल्या कलेक्टरसारखा. टेकडीवर गेलेले ते लोक वाचले.

27 ऑगस्ट, सोमवार, सकाळी साडेसहा. 'लाउडन'वरून समोरून पाण्याची भिंत येताना दिसली. लिंडेमनच्या बोटीच्या बॉयलरमध्ये वाफ तयार होती. त्याने यंत्र चालू करून बोटीची नाळ लाटेच्या समोर धरली. बोट वर चढली, क्षणभर उंचावर राहिली आणि पलीकडे उतरली. बोटीवर व्हॅन सँडिक नावाचे एक डच इंजिनियर प्रवासी होते. त्यांनी पुढे या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. मागे वळून पाहिले तेव्हा काही मिनिटांपूर्वीचे गाव जागेवर नव्हते. बंदराचा दिवा गेला, घरे गेली. आणि 'बेराऊ' तिच्या जागेवरून उचलली जाऊन किनाऱ्यावर फेकली गेली होती.

इथे मी वर्गात थांबलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे बेराऊचा कप्तान झोपला होता. दुसरा बाहेर राहिला, हा आत राहिला. चूक त्याचीच."

वर्गातल्या निम्म्या मुलांनी मान डोलावली. मला ते खटकले, आणि का खटकले ते सांगतो. मी नौदलात असताना 2004 च्या डिसेंबरच्या शेवटी आमची तुकडी नागपट्टिणमला मदतकार्यासाठी गेली. 26 तारखेला त्सुनामी येऊन गेली होती. मासेमारीचे मोठाले ट्रॉलर रस्त्यावर एकावर एक चढलेले होते, एकाची नाळ दुसऱ्याच्या केबिनमध्ये घुसलेली. तिथे एका वयस्क मच्छीमाराने आमच्या तमिळ सहकाऱ्यामार्फत सांगितले की तो त्या सकाळी होडी घेऊन बाहेर खोल समुद्रात होता. त्याला काहीच कळले नाही. लाट त्याच्या होडीखालून गेली आणि होडी नेहमीसारखी थोडी वर आली, खाली गेली. जाळे भरून तो परतला तेव्हा घर नव्हते. तो आम्हाला पुन्हा पुन्हा विचारत होता, "मला कसे कळले नाही?" त्या वेळी मला त्याला नीट उत्तर देता आले नव्हते. नंतर अभ्यास करून जे समजले ते वर्गात फळ्यावर मांडले.

साधी लाट वाऱ्याने होते आणि ती समुद्राच्या वरच्या थरातच असते. त्सुनामीत तळापासून पृष्ठभागापर्यंतचे सगळे पाणी हलते. म्हणून तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. सूत्र सोपे आहे: खोलीला गुरुत्वत्वरणाने गुणा आणि वर्गमूळ काढा. 4000 मीटर खोलीला सेकंदाला सुमारे 200 मीटर, म्हणजे ताशी 700 किलोमीटरच्या वर. हा विमानाच्या जवळपासचा वेग झाला. 25 मीटर खोलीला ताशी सुमारे 56 किलोमीटर. 10 मीटरला ताशी सुमारे 36. म्हणजे लाट किनाऱ्याकडे येताना हळू होते. पण मागून येणारे पाणी अजून खोल भागात आहे, ते जोरात येते आहे. पुढचे अडखळते, मागचे त्यावर चढते. घाटात पुढच्या ट्रकने ब्रेक लावला की मागची रांग कशी दाटते, तसे. रांगेला दाटायला मागेपुढे जागा असते, पाण्याला फक्त वर जागा असते.

उंची किती वाढते? खोली 16 पट कमी झाली की लाट अंदाजे दुप्पट होते. त्यात उपसागर नरसाळ्यासारखा अरुंद असेल तर दोन्ही बाजूंनी दाबले गेलेले पाणी आणखी वर येते. तेलोक बेतोंग नेमके त्या नरसाळ्याच्या तोंडाशी नाही, तळाशी होते. नागपट्टिणमच्या मच्छीमाराच्या होडीखालून जी लाट न कळता गेली, तीच त्याच्या घरापाशी उभी राहिली.

आता दोन बोटी पुन्हा पाहा. 'लाउडन' खोल पाण्यात, त्यामुळे लाट चढून जाण्याइतपत उताराची होती, अजून फुटलेली नव्हती. वाफ तयार, त्यामुळे नाळ समोर धरता आली. आडवी लाट घेतली असती तर 'लाउडन'ही उलटली असती. लिंडेमनचे कौशल्य इथे आहे आणि ते मोठे आहे. 'बेराऊ' मात्र जिथे लाट फुटते त्या पट्ट्यात होती. तिथे कप्तान कितीही हुशार असला तरी बोटीखाली पुरेसे पाणीच नसते. लाट येण्याआधी पाणी ओसरले तर बोट तळाला टेकते, आणि मग सुकाणू, यंत्र, चाके, सगळे निरुपयोगी.

मग आदल्या रात्रीच बाहेर का गेली नाही? हा प्रश्न रास्त आहे, पण तो विचारताना रात्रीची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. आकाशातून राख पडते आहे, समोरचे दिसत नाही. खवळलेल्या समुद्रात बाजूच्या चाकांची लहान बोट घेऊन अंधारात बाहेर जायचे, ते कशाच्या भीतीने? थंड बॉयलरमध्ये वाफ करायलाच काही तास लागतात. संध्याकाळी पाणी वरखाली झाले होते, त्याने होड्या फुटल्या, पण एवढेच. वादळाची भीती असती तर बंदरात राहणे हाच शहाणपणा. त्यांनी माहीत असलेल्या संकटाची तयारी केली असणार. आले ते माहीत नसलेले. आणि 'बेराऊ' ही तिथली सरकारी बोट होती. गावावर संकट आले तर तिने गावाजवळच असावे, अशीच कुणाचीही अपेक्षा असणार.

'लाउडन' तरी बाहेर का होती? कप्तानाला त्सुनामीचे ज्ञान होते म्हणून नव्हे. किनाऱ्याशी संपर्क होऊ शकला नाही म्हणून. समुद्र थोडा शांत असता तर तिने प्रवासी उतरवले असते आणि कदाचित ती 'बेराऊ'च्या शेजारीच उभी राहिली असती.

मागच्या बाकावरचा मुलगा यावर म्हणाला, "म्हणजे नशीब." मी म्हटले, "साडेसहापर्यंत नशीब. साडेसहाला वाफ तयार होती, ते नशीब नाही." यावर आमचे एकमत झाले की नाही ते अजून ठरायचे आहे.

सकाळी सातनंतर 'लाउडन' आन्येरकडे परत निघाली. दहाच्या सुमारास दिवसाचा अंधार झाला, इतका की स्वतःचा हात दिसेना. लिंडेमनने पुन्हा नांगर टाकला आणि यंत्रही चालू ठेवले, म्हणजे सगळी ओढ साखळीवर येऊ नये. नांगरावर उभे असताना यंत्र पुढे चालवून साखळीचा ताण कमी करणे आपण नौकानयनाच्या तासाला शिकतो. ते इथे पाहा. राखेचा चिखल पावसासारखा पडत होता. डोलकाठ्यांवर निळसर विजेच्या ज्योती नाचत होत्या आणि खलाशी त्या हातांनी विझवायला धावत होते. वीज डोलकाठीवर एकदा नाही, अनेकदा पडली. दहा वाजून दोन मिनिटांच्या सुमारास सगळ्यांत मोठा स्फोट झाला. क्राकाताउचा सुमारे दोन तृतीयांश भाग नाहीसा झाला. त्यानंतर आलेल्या लाटा काही ठिकाणी 30 मीटरहून उंच चढल्या.

तेलोक बेतोंगला ही शेवटची मोठी लाट अंधारातच पोचली. 'बेराऊ'ला तिने किनाऱ्यावरून पुन्हा उचलले आणि कुरिपान नदीच्या खोऱ्यातून आत, सुमारे 3 किलोमीटर नेऊन ठेवले. हा प्रवास कुणी पाहिला नाही. बोटीवरचे सर्व 28 जण मरण पावले.

'लाउडन' दुसऱ्या दिवशी, 28 तारखेला, आन्येरला पोचली. वाटेत समुद्रावर तरंगत्या दगडांचे, म्हणजे ज्वालामुखीतून उडालेल्या हलक्या सच्छिद्र दगडांचे, थरच्या थर होते आणि नेहमीची वाट बंद झाली होती. म्हणून पश्चिमेकडून वळसा घालून ती आली आणि वाटेत प्रवाशांनी अर्धे उरलेले क्राकाताउ पाहिले. मे महिन्यात सहलीचे लोक जिथून चालत वर गेले होते ती जमीन आता नव्हती. आन्येर गावही नव्हते. तिथले दीपगृह मोडून पडले होते. 1885 मध्ये नवे बांधले गेले, ते आजही उभे आहे. सरकारी मोजणीप्रमाणे एकूण 36,417 माणसे गेली आणि 165 गावे पार नष्ट झाली. बहुतेक मृत्यू आगीने नव्हे, पाण्याने झाले.

काही आठवड्यांनी माणसे कुरिपानच्या खोऱ्यात शिरली तेव्हा 'बेराऊ' सापडली. आश्चर्य म्हणजे ती जवळपास शाबूत होती. नाळ थोडी डावीकडे पिळली गेली होती, मळीकडचा भाग उजवीकडे. यंत्राची खोली राखेने आणि चिखलाने भरली होती, पण यंत्राचे फारसे नुकसान नव्हते. एवढ्या प्रवासात बोट फुटली कशी नाही, हे मुलांना पटेना. मला वाटते ती आदळत गेली नसावी, पाण्यावर तरंगत गेली आणि पाणी ओसरल्यावर खाली टेकली. बोटीने शेवटपर्यंत बोटीचेच काम केले. माणसे मात्र तिच्यावर टिकू शकली नाहीत.

लाट तिथे थांबली नाही. हिंदी महासागर ओलांडून ती आपल्याकडेही आली. त्या काळी भारताच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटी मोजणारी स्वयंचलित यंत्रे नुकतीच बसली होती. मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासून असे यंत्र चालू होते. पोर्ट ब्लेअर, मद्रास, नागपट्टिणम आणि मुंबई येथल्या कागदांवर 27 ऑगस्टच्या लाटेच्या खुणा उमटल्या. कागदावर भरतीची गुळगुळीत वक्ररेषा आणि तिच्यावर अचानक करवतीचे दात, असे ते दिसते. आवाज तर पोर्ट ब्लेअरलाही ऐकू आला, दूर समुद्रात कुणी तोफा डागाव्यात तसा. त्याहून दूर, सुमारे 4800 किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावरही तोफांसारखे आवाज नोंदले गेले. सुमात्राच्या उत्तर टोकाला अचेहमध्ये डच सैन्य लढाईत गुंतलेले होते. तिथे किल्ल्यावर हल्ला झाला असे समजून सैनिकांना शस्त्रे हातात घेऊन उभे केले गेले. मकासरहून तर आवाज कसला ते शोधायला दोन आगबोटी समुद्रात पाठवल्या. जो तो आपल्याला माहीत असलेल्या संकटाचा विचार करत होता, आणि तेही 'बेराऊ'पासून दीड हजार किलोमीटरहून दूर, सुरक्षित जागी बसून.

नागपट्टिणमच्या त्या नोंदीबद्दल मला 2004 साली माहीत नव्हते. 121 वर्षांपूर्वी त्याच किनाऱ्यावर सुमात्राकडून आलेली लाट कागदावर उमटली होती, ती लहान होती इतकेच. माहीत असते तर त्या मच्छीमाराला सांगता आले असते की 1883 मध्येही खोल पाण्यातल्या माणसांना ती लाट फारशी कळली नव्हती.

आज तेलोक बेतोंग हा बांदार लाम्पुंग या मोठ्या शहराचा भाग आहे. कुरिपानच्या आसपास वस्ती झाली आहे आणि 'बेराऊ' तिथे उरलेली नाही. शहरातल्या एका बागेत मात्र एक मोठा लोखंडी बोया ठेवला आहे. जहाजे बांधायचा हा बोया त्याच लाटांनी बंदरातून उचलून आत आणून टाकला होता. सुट्टीच्या दिवशी मुले त्याच्या आजूबाजूला खेळतात.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने परवा मला वहीचे एक पान आणून दाखवले. त्याने लाम्पुंगच्या उपसागराचा नकाशा काढून दर 10 मीटर खोलीला लाटेचा वेग काढला होता. एके ठिकाणी वर्गमूळ चुकले होते. बाकी बरोबर होते. खाली त्याने पेन्सिलीने दोन ठिपके मारून लिहिले होते: 'लाउडन इथे. बेराऊ इथे.' दोन्हींमधले अंतर त्याने मोजायचे ठेवले होते, कारण, तो म्हणाला, "सर, वाफ तयार करायला किती वेळ लागतो ते आधी सांगा."